बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर : आरोपीची बाजू मांडणारा वकील



वर्गात न्यायालयाचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. सर, वकील चोराची बाजू का घेतात? चोराला सोडवणं म्हणजे पापच ना? मुलं सिनेमा बघतात, बातम्या ऐकतात, त्यामुळे त्यांच्या मनात वकील म्हणजे पैसे घेऊन खोट्याचं खरं करणारा माणूस असं चित्र तयार झालेलं असतं. खरं सांगायचं तर आपल्यापैकी पुष्कळ मोठ्या माणसांच्या मनातही तेच असतं.

या प्रश्नाला व्याख्या सांगून उत्तर देता येत नाही, एखाद्या माणसाची गोष्ट सांगावी लागते. आज आपण ज्यांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर पोटापाण्यासाठी वकील होते. फौजदारी खटल्यांत आरोपीच्या बाजूने ते उभे राहिले, कधी जिंकले, कधी हरले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत संपतो. आपल्या खानदेशाशीही त्याचं नातं आहे. चला तर, तो नीट समजून घेऊया.

शिक्षण आणि सनद

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. सातारा आणि मुंबई इथं शाळा झाली, एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी मिळाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडनला आले आणि अर्थशास्त्राबरोबर ग्रेज इन या संस्थेत कायद्यासाठी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं.

इथं मुलांना थांबवून विचारा, तुम्ही असता तर काय केलं असतं? भीमरावांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली आणि त्याच वर्षी परत येऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

काम कुणी देईना

पदव्यांची एवढी मोठी रांग असलेल्या माणसाकडे पक्षकारांची रीघ लागली असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही.

यामागे त्या काळच्या न्यायालयाची एक रीत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथं मोठ्या व्यापाऱ्यांचे आणि कंपन्यांचे दावे चालायचे तिथं, बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे. मध्ये सॉलिसिटर असायचा. तो कागदपत्रं तयार करायचा आणि बॅरिस्टर कोण नेमायचा हेही तोच ठरवायचा. त्या मंडळींनी अस्पृश्य जातीतल्या बॅरिस्टरकडे काम पाठवलं नाही. म्हणून आंबेडकर अपील शाखेकडे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या न्यायालयांकडे वळले. तिथं त्यांचे पक्षकार बहुतेक साधे लोक होते. परळला बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार आणि दामोदर हॉलमध्ये कचेरी, अशी ती वर्षं गेली. उत्पन्न पुरेना म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत असत. आपल्यातले जे शिक्षक शाळा सुटल्यावर आणखी एक काम धरतात, त्यांना ही धावपळ वेगळी समजावून सांगायला नको.

बचाव पक्षाचा वकील नेमकं काय करतो?

पुढचे खटले समजण्यासाठी तीन गोष्टी मुलांना आधी सांगाव्या लागतील.

पहिली गोष्ट, फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. आरोपीने स्वतःला निर्दोष सिद्ध करून दाखवावं अशी सर्वसाधारणपणे अपेक्षा नसते. शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो.

दुसरी गोष्ट, साक्षीदार जे सांगतो ते तपासून पाहावं लागतं. तू कुठं उभा होतास, उजेड किती होता, तुझं आणि आरोपीचं भांडण आहे का, हे विचारणं म्हणजे उलटतपासणी. ती करायला कुणी नसेल तर बनावट साक्षही खरी ठरू शकते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वकील आरोपीच्या कृत्याला चांगलं म्हणत नाही. कायद्यात जे लिहिलंय ते या माणसालाही लागू करा, एवढंच तो न्यायाधीशाला सांगतो. आरोपी नावडता असला तरी कायदा तोच राहिला पाहिजे, हा त्याचा आग्रह असतो.

पुण्याचा खटला, १९२६

१९२५ मध्ये दिनकरराव जवळकर यांनी देशाचे दुश्मन नावाची पुस्तिका लिहिली. ब्राह्मणेतर चळवळीचा तो तापलेला काळ होता. पुस्तिकेत लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय जहाल भाषेत टीका होती. दोघेही तेव्हा हयात नव्हते. पुण्यात अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद झाली. लेखक जवळकर यांच्यासह केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि रामचंद्र लाड यांना खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. प्रकरण अपिलात सेशन्स न्यायालयात गेलं तेव्हा आरोपींनी बॅरिस्टर आंबेडकरांना उभं केलं. समोर ल. ब. भोपटकर यांच्यासारखे पुण्यातले नामवंत वकील होते.

आता बघा, पुस्तिकेतला शब्द न् शब्द कसा योग्य आहे हे पटवत बसले असते तर खटला तिथंच बुडाला असता. आंबेडकरांनी कायद्याचं कलम उघडलं. मृत माणसाची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो, पण त्यासाठी ती त्याच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली असावी लागते. फिर्यादी तर चिपळूणकरांचा लांबचा नातेवाईक होता. मग या फिर्यादीला आधार काय? अशाच स्वरूपाच्या एका जुन्या खटल्याचा निकालही त्यांनी पुढे ठेवला. ऑक्टोबर १९२६ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि आरोपी सुटले. बॅरिस्टर आंबेडकर हे नाव महाराष्ट्रभर झालं.

काही मुलं म्हणतील, ही तर पळवाट झाली! हा आक्षेप मुद्दाम फळ्यावर लिहा आणि त्यावर बोलू द्या. एखादा शब्द आपल्याला कितीही झोंबला, तरी तुरुंगात टाकण्यासाठी कायद्यात जेवढं सांगितलंय तेवढं सिद्ध व्हायलाच हवं. हा नियम आज मला नकोसा वाटला, तरी उद्या माझ्यावर आळ आला की तोच माझ्या उपयोगी पडणार आहे.

जेव्हा वकील स्वतःच प्रतिवादी झाला

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं, तेवढ्यात विरोधकांनी न्यायालयात दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात प्रतिवादी म्हणून नाव होतं डॉ. आंबेडकरांचं. हजारो लोक महाडला जमलेले, तळं समोर दिसतंय, आणि नेत्याच्या हातात कोर्टाचा कागद! त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही.

पुढे हा दावा महाड, ठाणे आणि मुंबई अशा तीन पायऱ्या चढला. तळं नगरपालिकेचं आहे की खासगी, आणि अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी खरोखर अनादी काळापासून चालत आलेली आहे का, हे प्रश्न होते. रूढी आहे असं म्हणणाऱ्यांनी ती सिद्ध करावी, हा नियम इथंही लागला. त्यांना ते जमलं नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळं सर्वांसाठी खुलं राहिलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं गेली. न्यायाला वेळ लागतो म्हणजे काय, हे प्रतिवादीच्या जागेवरूनही त्यांनी अनुभवलं होतं.

चाळीसगावचा पूल, १९२९

आता आपल्या भागातली हकिकत. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली, आंबेडकर तिचे सदस्य होते. समितीचं काम खानदेशात आलं. धुळे रेल्वे फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची माहिती घ्यायला आंबेडकर चाळीसगावला उतरले, गाडी बदलून त्या गावी गेले, चौकशी करून परत चाळीसगावला आले. स्टेशनवर वस्तीतले लोक हार घेऊन थांबले होते. एक रात्र आमच्याकडे राहा, असा त्यांचा आग्रह होता.

महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैलांवर, वाटेत नदी आणि तिच्यावर पूल. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, तरी पाहुण्यांना बराच वेळ ताटकळत बसावं लागलं. शेवटी टांगा आला. थोडं अंतर गेल्यावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुलावर मात्र चाक अडकलं, आंबेडकर उडून दगडी फरशीवर आपटले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्यांच्या पायाचं हाड मोडलं, कितीतरी दिवस अंथरुणावर काढावे लागले.

उशीर आणि अपघात यांचं कारण त्यांना मागाहून कळलं. कुणीही टांगेवाला अस्पृश्याला गाडीत बसवून हाकायला तयार नव्हता. ते त्याला कमीपणाचं वाटत होतं. म्हणून तडजोड निघाली. टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकणारा त्यांनी आपला आणायचा. वस्तीतला एक जण बसला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. लोकांनी आपल्या पाहुण्याचा मान राखण्यासाठी ही धडपड केली आणि त्यात पाहुण्याचाच जीव जायची वेळ आली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. त्यांना एक गोष्ट खोलवर लागली. परदेशी पदव्या मिळवलेला बॅरिस्टर असला, तरी टांगेवाल्याच्या लेखी तो आपल्यापेक्षा खालचाच होता.

वकिलीच्या गोष्टीत हा प्रसंग का सांगितला? कारण त्या दिवशी चाळीसगावात एक निकाल लागला होता. आरोप नाही, पुरावा नाही, म्हणणं मांडायची संधी नाही. केवळ जन्म बघून निकाल. ज्याच्यावर असे निकाल लहानपणापासून लादले गेले, त्याला समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा देऊ नये या नियमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

र. धों. कर्वे यांचा खटला, १९३४

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य या विषयांवर त्यांनी १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवलं. त्या काळी या विषयावर घरात बोलणंही पाप मानलं जाई. वाचक प्रश्न विचारायचे, कर्वे मोकळेपणाने उत्तरं द्यायचे. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना एकदा दंड झाला होता. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला, तेव्हा बचावाला आंबेडकर उभे राहिले.

जरा विचार करा. पुणे करार होऊन दीडच वर्ष झालं होतं. आंबेडकर तोवर देशपातळीवरचे नेते झाले होते. अशा माणसाने बदनाम ठरलेल्या मासिकाचं वकीलपत्र घेणं सोयीचं नव्हतं. तरी त्यांनी घेतलं. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात विकृत समजुती असतील तर त्या शास्त्रीय माहितीनेच जातील. आणि वाचकाने प्रश्न विचारला असेल, तर त्याला उत्तर मिळायला हवं. तज्ज्ञांच्या ग्रंथांचा आधारही त्यांनी दिला.

निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मासिक बंद पडलं नाही, १९५३ मध्ये कर्व्यांचं निधन होईपर्यंत ते निघत राहिलं. आज आपण शाळांमध्ये किशोरवयीन मुला-मुलींना शरीराविषयी शास्त्रीय माहिती देतो. त्यांच्या प्रश्नपेटीत आलेल्या चिठ्ठ्या उघडताना हा हरलेला खटला शिक्षकांनी जरूर आठवावा.

धुळे, ३१ जुलै १९३७

१९३७ पर्यंत परिस्थिती बरीच पालटली होती. आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आले होते, महाडचा निकालही नुकताच लागला होता. तरीही जिल्ह्याच्या न्यायालयात काम निघालं की ते जात. ३१ जुलै १९३७ रोजी ते न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले. तेव्हा धुळे हे पश्चिम खानदेश जिल्ह्याचं ठिकाण होतं आणि जळगाव पूर्व खानदेशाचं. लोकांनी बाबासाहेबांचं मोठं स्वागत केलं.

धुळ्यातला ट्रॅव्हलर्स बंगला, जिथं त्यांचा मुक्काम झाला, तो आज संदेशभूमी म्हणून ओळखला जातो. लळिंगच्या कुरणातला लांडोर बंगलाही त्यांच्या भेटीमुळे लोकांच्या स्मरणात आहे आणि ३१ जुलैला तिथं दूरदूरचे लोक जमतात. धुळे-जळगाव परिसरातल्या शाळांनी सहल काढताना ही ठिकाणं यादीत घालावीत. तिथं गेल्यावर मुलांना एवढं सांगावं, की बाबासाहेब इथं आले ते वकील म्हणून, आपलं रोजचं काम करायला.

वकिलीतून राज्यघटनेत

ही सगळी वर्षं पुढे कुठं उपयोगी पडली? १९४९ मध्ये संविधान सभेत व्यक्तिस्वातंत्र्यावर चर्चा चालू होती. अटक झालेल्या माणसाला पुरेसं संरक्षण मिळत नाही, अशी अनेक सभासदांची तक्रार होती. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी एक नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम २२.

त्यात काय आहे, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवं :

• अटक का केली, हे त्या माणसाला लवकरात लवकर सांगितलं पाहिजे.
• त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे.
• प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे.

याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूदही आहे. तशा वेळी हे हक्क जसेच्या तसे मिळत नाहीत. त्यावर तेव्हाही कडक टीका झाली आणि आजही वाद होतात. वरच्या वर्गातल्या मुलांना ही दुसरी बाजूही सांगावी, झाकून ठेवू नये.

वकील करायला पैसेच नसतील तर? त्यासाठी १९७६ मध्ये घटनेत कलम ३९-अ घालण्यात आलं आणि १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. जळगाव आणि धुळे धरून प्रत्येक जिल्ह्यात आज जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले नागरिक यांना तिथं मोफत वकील मिळू शकतो. ही माहिती पालकसभेत अवश्य सांगा. गरज कधी, कुणाला पडेल सांगता येत नाही.

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झालं.

आपल्या वर्गाचं काय?

शेवटी थोडं आपल्याविषयी बोलूया. वर्गात कंपासपेटी हरवते. सगळ्यांची बोटं एकाच मुलाकडे वळतात, कारण मागच्या वेळी तोच सापडला होता. त्याचे कपडे मळके असतात, त्याची वस्ती ठरावीक असते. आपणही घाईत असतो. दोन शब्द रागाने बोलून तास पुढे नेतो. घरीही दोन भावंडांच्या भांडणात मोठ्याची चूक गृहीत धरली जाते. त्या मुलाच्या बाजूने तिथं कुणीच उभं नसतं. पेटी नंतर कपाटामागे सापडते, पण त्या मुलाच्या मनातला निकाल कुणी फिरवायचा?

म्हणून बोट उचलण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावूया. कुणी पाहिलं? नक्की काय पाहिलं? आणि ज्याच्यावर आळ आहे त्याचं म्हणणं काय? त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या वतीने बोलायला वर्गातला एक विद्यार्थी नेमा. मुलं हे काम किती मनापासून करतात ते बघाच.

वर्गासाठी प्रश्न आणि उपक्रम

१. बॅरिस्टर झाल्यावरही डॉ. आंबेडकरांना मोठी कामं का मिळाली नाहीत?
२. पुण्याच्या खटल्यात त्यांनी पुस्तिकेच्या भाषेऐवजी कायद्याच्या कलमावर भर का दिला असेल?
३. कर्व्यांचा खटला हरला, तरी तो लढणं योग्य होतं का? तुमचं मत कारणांसह लिहा.
४. चाळीसगावच्या प्रसंगात टांगेवाला, वस्तीतले लोक आणि पाहुणा या तिघांच्या जागी स्वतःला ठेवून प्रत्येकी पाच वाक्यं लिहा.
५. उपक्रम : वर्गात अभिरूप न्यायालय भरवा. जो विद्यार्थी आरोपीला दोषी समजतो, त्यालाच बचाव पक्षाचा वकील करा. तास संपल्यावर त्याचं मत बदललं का, ते विचारा.